भंगारची बहार

गुरुशांतच्या पोटात जे दुखत होतं त्यावर ओवा चालणार नव्हता. अक्कलकोट रोडच्या एका लॉन्सवर हळदीचा कार्यक्रम होता, तिथं त्याचाच जुना बँड वाजवणार होता, आणि त्याला बोलावलं होतं साउंड लावायला.

दोन वर्षांपूर्वी बँडचं नाव ‘भंगार’ होतं. सिद्धेश्वरी गायची म्हणण्यापेक्षा ओरडायची, मल्लेश ड्रम बडवायचा आणि गिटार गुरुशांतकडं. तालीम मल्लेशच्या मामाच्या बंद शेडमध्ये. शेजारच्या शेडमध्ये चोवीस यंत्रमाग धडधडायचे, त्यामुळं एकमेकांचं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मग गुरुशांतनं तोड काढली. त्यानं उजव्या पायाची टाच आपटायची आणि बाकीच्यांनी त्या पायाकडं बघून वाजवायचं. गाणी महागाईवर, खड्ड्यांवर. ऐकायला माणसं अकरा, त्यातली चार घरचीच.

मग माळशिरसचा अभिमन्यू आला. हातात की-बोर्ड, लॅपटॉपमध्ये तयार ठेका. म्हणाला, लोकांना नाचू द्या की. गुरुशांत रागानं बाहेर पडला. त्याला वाटलं, मनधरणी करायला येतील. कोणी आलं नाही. ‘भंगार’ची ‘बहार’ झाली आणि ‘शेंगाचटणी’ नावाचं त्यांचं गाणं सोलापुरातल्या रिक्षारिक्षात वाजायला लागलं. आणि आता हा अभिमन्यू गॉगल लावून, गुरुशांत उभा राहायचा नेमक्या त्या जागी उभा होता. जागा तरी दुसरी घ्यावी माणसानं.

‘काय बे, वाळलास की,’ म्हणत मल्लेशनं पाठीत धपाटा घातला. सिद्धेश्वरी नुसती हसली. अभिमन्यू म्हणाला, ‘दादा, लॅपटॉपचा ट्रॅक जरा मोठा ठेवा.’ दादा म्हणे. गुरुशांत मिक्सरमागं जाऊन बसला.

‘शेंगाचटणी’ सुरू झालं. हळदीनं पिवळ्या झालेल्या बाया नाचायला लागल्या, नवरीची आत्यासुद्धा. गुरुशांतला गाणं तोंडपाठ होतं. दुसऱ्या कडव्यानंतर ठेका क्षणभर थांबतो आणि मग दणक्यात येतो. सगळं गाणं त्या एका जागेवर उभं आहे, हे त्याला ठाऊक होतं. ती जागा आली. ठेका थांबला. गुरुशांतनं लॅपटॉपचा आवाज बंद केला.

दणका आलाच नाही. ट्रॅकवर विसंबलेला मल्लेश काठ्या हवेत धरून बसला. अभिमन्यू पडलेल्या चेहऱ्यानं बटणं दाबत सुटला, आणि गुरुशांतच्या जिवाला दोन वर्षांत पहिल्यांदा गार वाटलं.

ते गारपण दोन श्वास टिकलं. सिद्धेश्वरीनं साडी जरा वर धरली, उजवा पाय पुढं टाकला आणि टाच आपटायला लागली. मल्लेशची नजर तिथं गेली. ड्रम उठले, लॅपटॉपपेक्षा जलद, उघडेवाघडे, शेडमध्ये वाजायचे तसे. अभिमन्यूसुद्धा त्या पायाकडं बघून वाजवायला लागला. बायांनी मांडव डोक्यावर घेतला. काही ऐकू येत नसताना कसं वाजवायचं, हे या लोकांना आपणच शिकवलंय, हे शहाण्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. आता तर त्याला त्या टाचेचाही हेवा वाटायला लागला.

कार्यक्रम संपल्यावर तो वायरी गुंडाळत होता. सिद्धेश्वरी शेजारी येऊन उभी राहिली.

‘मुद्दाम केलास न्हवं?’

खोटं बोलावं असं वाटलं, पण तोंडातून खरं तेच निघालं. ‘व्हय. तुमचं पडावं म्हणून.’

‘वळखलं मी. पर जागा नेमकी धरलास. तुज्याएवढं कान देऊन आमचं गाणं कोण ऐकतंय?’ तिनं वायरीचं एक टोक उचलून त्याच्या हातात दिलं. ‘रविवारी पुण्याला कार्यक्रम हाय. तितं बी असंच कर, त्याच जागी. माणसं लई पेटली आज.’

‘गिटार आणू?’

‘गिटार नगं, गुरू. मिक्सरवर बस.’

पलीकडं नवरीच्या मैत्रिणी अभिमन्यूबरोबर फोटो काढत होत्या. गुरुशांतच्या छातीत भडका उडाला. पुण्याला माझी चप्पलसुद्धा येणार नाही, हे वाक्य त्यानं मनात नीट जुळवलं.

‘गाडी किती वाजता निघणार?’ त्यानं विचारलं.