सातमीचा फ्रीज

आमच्या आजेसासऱ्यांची घोडी वाऱ्याने गाभण राहिली होती. हसू नका. संस्थानाच्या पागेतली घोडी ती. आसपास घोडा म्हणून नव्हता, नुसता वारा होता, आणि ती आपली विश्वामित्री नदीच्या काठावर शेपूट वर करून उभी राहायची. शिंगरू झालं ते इतकं हलकं, की बांधून नाही ठेवलं तर उडायचं.

ही गोष्ट मी शलाकाला सांगायची, तिच्या पोटात सुई जायच्या वेळेला. शलाका माझी नातसून, हार्दिकची बायको. हार्दिक संध्याकाळी नंदेसरीहून, केमिकलच्या फॅक्टरीतून यायचा. हात साबणाने खसाखसा धुवायचा आणि फ्रीजमधून इंजेक्शनची पांढरी पेटी काढायचा. शलाका गॅलरीत खुर्चीवर डोळे मिटून बसायची. मी घोडी उधळली, की हार्दिक सुई टोचायचा.

"आजी, उडायचं तर मग ते परत कसं आणायचे?" ती डोळे मिटूनच विचारायची.

"कसं म्हणजे? उत्तरायणातला पतंग उतरवतात तसं. दोरी गुंडाळत."

"झालं," हार्दिक म्हणायचा. सुई बाहेर आलेली असायची.

सुई झाली की आम्ही दोघी दुधीकडे. गॅलरीच्या कठड्यावर मी दुधीचा वेल चढवलाय. तिसऱ्या मजल्यावर पाखरू फिरकत नाही, तेव्हा लग्न आपणच लावायचं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, पांढरं. नराचं फूल लांब देठाचं, नुसतं. मादीच्या फुलाखाली इवलासा दुधी आधीच लागलेला असतो. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादीच्या फुलात हलकेच फिरवायचं. नाही फिरवलं तर तो इवला दुधी पिवळा पडतो आणि गळून जातो. वरची फुलं शलाका माझ्यासाठी खाली वाकवून धरायची. मी बुटकी. लग्नात हिंमतरावांच्या गळ्यात माळ घालायला मला पाटावर उभं केलं होतं.

"आजी, माझं पण असंच करतायत ना? फक्त काचेत," ती एकदा म्हणाली.

"तुझं बरंय. तुला गॅलरीत उभं नाही केलं."

हसली. पण आतून ती किती घाबरलीय ते मला दिसत होतं. चौतिशीची पोर, आणि आमच्या डॉक्टर मालविकाबेननी आधीच सांगून ठेवलेलं, की हिची अंडी वयाच्या मानाने फार लवकर संपत चाललीत. दोनदा करून झालं होतं, दोन्हीदा गेलं. या वेळेला सोनोग्राफीत चांगल्या टपोऱ्या पिशव्या दिसत होत्या. पण हे शेवटचं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलेलं. यानंतर स्वतःचं मूल हा विषय मिटला.

आता नीलिमाचं सांगते. नीलिमा माझी सून, हार्दिकची आई. माझा सदानंद गेला तेव्हा हार्दिक शाळेत होता. तेव्हापासून हिने त्या एका पोरावर सगळे देव राखणीला बसवले. आपल्याकडचे झाले, मग गुजरात्यांचे. सोसायटीतल्या बायकांचं बघून शीतळा सातम धरली. पोराबाळांसाठी असते ती. आदल्या दिवशी, छठीला, दिवसभर रांधायचं, रात्री शेगडी पुसून थंड करायची, आणि सातमीला विस्तव न पेटवता सगळं गार खायचं. चूल पेटली तर माता पोळते म्हणे, आणि मग घरातलं लेकरू पोळतं.

या वर्षी तर नीलिमा पेटलीच होती. नातवासाठी सातम करायची होती तिला. थेपले, वडे, दहीवडे, मोहनथाळ, त्यात आपल्या पुरणपोळ्या. छठीला सकाळपासून कढई खाली उतरली नाही. श्रावणातली उकड, त्यात तेलाचा धूर. स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. मी गॅलरीत भाजी निवडत बसले होते.

रोजच्या सुया पंचमीलाच संपल्या होत्या, पेटीत आता शेवटचं, अंडी काढण्याआधीचं इंजेक्शन तेवढं उरलं होतं. सातमीला संध्याकाळी, हार्दिक यायच्या आधी, मी पाणी प्यायला आत गेले. नीलिमा स्टुलावर चढून ओट्याच्या वरच्या फळीवरून पांढरी पेटी उतरवत होती. शेगडीच्या बरोब्बर वरची फळी. पेटीला तेलाचा चिकट थर आला होता. तिने पदराने पुसली, फ्रीजमधल्या दहीवड्यांच्या पातेल्यामागे सरकवली आणि मला बघून म्हणाली, "काल जागाच नव्हती हो आई. एवढंसं तर इंजेक्शन, दूध थोडंच आहे नासायला."

मी पाणी प्याले. मला वाटलं, खरंच, दूध थोडंच आहे.

त्या रात्री हार्दिकने ते शेवटचं इंजेक्शन दिलं. मगरीची गोष्ट सांगितली मी. विश्वामित्रीतली एक मगर अंडी घालण्याआधी माझ्या सासूबाईंना विचारायला यायची, यंदा मुलगे घालू की मुली. वाळू जास्त तापली की वेगळे, कमी तापली की वेगळे. ही शेवटची ओळ तेवढी खरी आहे. मगरीच्या अंड्यात काय निपजायचं ते ऊबच ठरवते.

दीड दिवसाने अंडी काढायची होती. आठम, म्हणजे गोकुळाष्टमी, उपासात गेली आणि नवमीला सकाळी आम्ही सगळे दवाखान्यात. शलाकाला आत नेलं. नीलिमा बाहेर जप करत होती, हार्दिक येरझाऱ्या घालत होता.

थोड्या वेळाने मालविकाबेन स्वतः बाहेर आल्या. डोक्याला ती कापडी टोपी, चेहरा कसनुसा.

"हार्दिकभाई, एका बाजूचं सगळं काढलं. एकही अंडं नाही. नुसतं पाणी."

"म्हणजे? सोनोग्राफीत तर..."

"पिशव्या आहेत. पण अंडं आतल्या भिंतीला चिकटलेलं असतं. ते शेवटचं इंजेक्शन त्याला सोडवतं. सुटलंच नाही तर सुईत येणार कसं?" मग त्यांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. "मी दुसऱ्या बाजूला हात लावलेला नाही. थांबलेय. मला खरं सांगा, इंजेक्शन वेळेवर दिलं? पूर्ण वेळ फ्रीजमध्ये होतं?"

"वेळेवर दिलं. फ्रीजमधूनच काढलं," हार्दिक म्हणाला. "आई, फ्रीजमध्येच होतं ना?"

नीलिमाची माळ थांबली. "हो," ती म्हणाली. "फ्रीजमध्येच."

कोवळी चिंच टरफलाला कशी घट्ट धरून असते, आणि पिकली की आपसूक सुटते. माझ्या डोळ्यांसमोर ते आलं, आणि त्या फळीवरची तेलकट पेटी आली.

"बेन, पेटी बाहेर होती," मी म्हणाले. "शेगडीच्या वर. छठीपासून."

"आजी!" हार्दिक ओरडला. "आत्ता नको. हात जोडतो, आत्ता तुमच्या गोष्टी नकोत."

झालं. जन्मभर घोडी उडवली, मगरी बोलत्या केल्या, आता कोण मानणार? आणि कुणी ठेवली ते सांगितलं असतं, तर नीलिमा म्हणाली असती, आई काहीतरी काय सांगता. हार्दिकने तिचंच मानलं असतं. आम्ही तिथे भांडत बसलो असतो आणि आत ती पोर तशीच टेबलावर.

माझं खरं चालत नव्हतं, म्हणून मी खोटं काढलं.

"अरे मूर्खा, मीच ठेवली ना," मी म्हणाले. "मला दहीवडे गार हवे होते. पातेलं मावेना. पेटी काढली आणि वरच्या फळीवर टाकली. सातमीला संध्याकाळी आठवलं, तशी गुपचूप परत ठेवली. तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

हे त्याला लगेच पटलं. म्हातारीचं खाण्याचं वेड कुणालाही पटतं. त्याचा चेहरा असा झाला, की मी खाली बघितलं. माळ नीलिमाच्या मुठीत आवळलेली.

मालविकाबेन बोलण्यात वेळ घालवणाऱ्या नव्हेत. "बा, सांगितलंत ते बरं केलंत," एवढं म्हणून आत वळल्या. रक्त तपासलं, तर औषधाचा मागमूस नाही. धगीने मेलं असेल, म्हणाल्या. त्यांनी स्वतःकडचं ताजं इंजेक्शन दिलं आणि उरलेल्या बाजूसाठी पुन्हा दीड दिवस थांबायला सांगितलं.

दोन अंडी मिळाली. काचेत एक फळलं. एका थेंबाएवढंही नसतं ते. शलाकाच्या पोटात ठेवलं. ती पडून असायची आणि आम्ही घरात चोरपावलांनी चालायचो. हार्दिकने सांगून टाकलं होतं, आजीने तिच्याशी बोलायचं नाही.

मग एका सकाळी तिला पाळी आली. बाथरूममधून ती बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही तिघं दाराबाहेर उभे होतो. आतून रडण्याचा आवाज नव्हता, नुसता नळ चालू होता.

त्यानंतर शलाका माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर मी चार गोष्टी ऐकून घेतल्या असत्या. ती नुसती माझ्या आरपार बघायची. ताट ठेवायची आणि जायची. गॅलरीत यायची थांबली. वरची फुलं माझ्या हाताला येईनात. इवले दुधी पिवळे पडून एकेक गळत होते आणि मी ते झाडून काढत होते.

नीलिमा मला तूप जास्त वाढायला लागली. एकदा दुपारी माझ्या पायाशी येऊन बसली. "आई, मी सांगते त्यांना."

"काय सांगशील? तू हो म्हणालीस ते पण सांगशील?"

ती तोंडात पदर कोंबून रडली.

"गप बस," मी म्हणाले. "या घरात एकीला तोंड चुकवायला लागतंय, तेवढं पुरे. माझे किती दिवस उरलेत? तुला तिच्याबरोबर जन्म काढायचाय."

दिवाळी आली. करायचं म्हणून करायचं. नीलिमा शेगडीपाशी तेल तापवत होती, चकलीचं पीठ मळून तयार होतं आणि सोऱ्या सापडत नव्हता. शलाका खालचे कप्पे उघडून बघत होती.

"वरच्या फळीवर असेल," मी दारातून म्हणाले. "तूच बघ बाई, माझा हात कुठं पोचतोय."

शलाका स्टुलावर चढली. हात फळीवर गेला आणि तिथेच राहिला. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर नजर ठरली तिची.

"नाही पोचत?" तिने विचारलं.

मी पदराने दाराची चौकट पुसायला लागले.

"स्टुलावरून पण नाही पोचत, आजी?"

"त्या छठीला पोचत होता," मी म्हणाले. "त्या दिवशी उंची वाढली होती माझी. उकाड्याने वाढते. पापड फुगतो ना, तशी."

ती हसली नाही. "किती वाढली होती?"

"फळीएवढी."

नीलिमाची पाठ आमच्याकडे होती. झारा हातात तसाच. कढईतून निळा धूर निघायला लागला तरी ती हलली नाही. शलाका सावकाश स्टुलावरून उतरली. सोऱ्या ओट्यावर ठेवला. नीलिमाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, तिच्या चेहऱ्याकडे बघत. मला वाटलं, आता हे घर फुटतं.

तिने हात पुढे केला आणि गॅस बंद केला.

"तेल जळतंय, आई," ती म्हणाली.

मग स्टूल उचललं आणि माझ्या बाजूने गॅलरीत गेली. फुलं उमलायची वेळ झाली होती. स्टुलावर चढून ती वेलाची वरची पानं बाजूला करून बघत होती, एकेक. पाच-सहा पांढरी फुलं होती वर. सगळी नराची. मादीचं एकही उरलं नव्हतं. ते मला सकाळपासून माहीत होतं.

मी सांगितलं नाही. बघू दिलं तिला.