डोंगा छाप

शेवंताबाईंनी चिंचेचा कोळ तांब्याच्या ठशावर ओतला आणि अंगठ्याने घासायला सुरुवात केली. चार वाजता कासार येणार होता. एकदाचा हा ठसा मोडीत गेला की सुटले, असं त्यांनी सुनेला, मंजुषाला, सकाळपासून तीनदा ऐकवलं होतं.

पवनीत एके काळी शेवंताबाईंच्या बापाच्या 'डोंगा छाप' लुगड्यांचं नाव होतं. लुगड्याच्या घडीवर चिकटवायचं चित्र त्याने स्वतः या ठशावर कोरलेलं: वैनगंगा, डोंगा आणि डोंग्यात एकटी बाई. शेवंता चार वर्षांची असताना आई डोंग्यात बसून पलीकडे गेली, ती गेलीच. ते जाणं झाकायचं सोडून बापाने लुगड्यालुगड्यावर चिकटवलं, घरची अब्रू वेशीवर टांगली, हा राग लेकीने उभा जन्म उराशी धरला. बाप गेला तेव्हाही बोलणं नव्हतं.

दुपार पेंगुळली होती. शेवंताबाईंची नजर मंदावलेली, पण बोटं अजून शहाणी. पाण्याच्या केसाएवढ्या रेघांत नख अडकत होतं, सुटत होतं. घासता घासता नदी बोटाखालून वाहतेय असं वाटू लागलं. डोंग्याची दोन्ही टोकं सारखीच. एका टोकापासून मात्र दोन खोल रेघा निघून एकमेकींपासून दूर होत गेल्या होत्या. नख त्यांच्या मागोमाग गेलं आणि थांबलं.

"मंजुषा, ह्या दोन रेघा कोनत्या काठाकडे फाकल्या, पाह्य बरं."

मंजुषाने ठसा उजेडात धरला.

"पलीकडच्या."

"पाणी डोंग्याच्या मांगं फाकते, बाई. पुढं नाही."

मंजुषाने डोंग्यातल्या बाईवर बोट ठेवलं.

"म्हणजे ही जाऊन नाही राहिली, आई. येऊन राहिली."

जो तो 'गेली' म्हणायचा, म्हणून शेवंताबाईंनीही चित्रात गेलेलीच पाहिली होती. बापाने बिचाऱ्याने नुसती वाट पाहिली होती. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

मग पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "बाबा कुठं आहे ह्याच्यात?"

मंजुषाने शोधलं. अलीकडे माणूस नव्हताच. खालच्या कडेला घाटाची अर्धीच पायरी तेवढी कोरलेली होती.

"चित्रात नाहीत. ह्या पायरीवर बसून पाहून राहिले. आपण जिथून पाहून राहिलो ना, तिथूनच."

शेवंताबाई चटईवर जराशा सरकल्या. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.