मोठ्या चाकाची उटी

उभी

मिरजेच्या टायरवाल्या लालासाहेबानं शेवटचा नट आवळला, जॅक काढला आणि जीप जमिनीवर आली. आली म्हणजे नावालाच. एरवीपेक्षा चांगली चार बोटं उंच राहिली. आप्पासो तिच्याभोवती एक फेरी मारून आला. एकेक चाक त्यानं पायानं ठोकून बघितलं आणि बाजारातनं नवा बैल सोडून आणल्यागत हसला.

"आता लागू दे म्हणावं दगड पोटाला."

गेल्या महिन्यात वस्तीच्या वाटेवर एका दगडानं जीपचं पोट फोडलं होतं. सगळं ऑइल मुरमात मुरलं. तेव्हापासून मोठ्या चाकांनी त्याच्या डोक्यात घर केलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात चुकीचं काही नव्हतं. पण त्याच्या बायकोला, अंजनाला, सकाळपासून भीती वाटत होती. ती कशाची, ते तिला सांगता येत नव्हतं. ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसली होती आणि तिच्या हातात उटी होती.

उटी म्हणजे बाभळीचा ठोकळा. चढाला गाडी थांबली की मागच्या चाकाखाली सारायचा, म्हणजे गाडी मागं येत नाही. ही उटी सासऱ्यानं, कोंडीबानं, बैलगाडीसाठी तासली होती. पुढं आप्पासो लष्करातनं सुटून आला, त्यानं ही जुनी डिझेल जीप घेतली आणि उटी तिला वारशानं मिळाली. वस्तीच्या चढाला म्हसोबाचं वळण आहे. तिथं जीपचा दम हमखास संपायचा, आणि हँडब्रेक तर कधीचाच गेलेला. मग आप्पासो ब्रेक दाबून धरायचा, अंजना उडी टाकायची, उटी सारायची आणि मागच्या पत्र्यावर दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे 'घातली, सोडा पाय'. मग तो ब्रेक सोडायचा, इंजिनाला दम खाऊ द्यायचा आणि पुन्हा ओढायचा. अकरा वर्षं असंच चाललं होतं. ह्या कामात दोघं एकमेकांचं तोंडही बघत नसत.

"आवं, ही बारकी पडतीया."

"काय?"

"उटी. पयली कशी चाकाला गच्च भिडायची. आता बघा, हत्तीच्या पायात चप्पल."

लालासाहेब हसला, पण लगेच गंभीरही झाला. "आप्पासाहेब, लाकडाचं सोडा, माझं ऐका. चाक वाढलं, इंजिन तेच हाय. तुमचा पयला गियर आता दुसऱ्यागत वागणार. चढाला गाडी जीव टाकंल. चढाला जादा जोर देणारा 'लो'चा दांडा लागतो का?"

"दिवाळीपासनं न्हाई लागत."

"मग आधी त्यो करून घ्या. ब्रेकबी हलकं लागतील आता."

"सतरा वर्सं लष्कराचा ट्रक हाकलाय मी, बर्फात. मला वळण शिकवतो व्हय रं?"

"मी कुठं शिकवतोय? मी टायर विकतोय," लालासाहेब हात पुसत म्हणाला.

जीपच्या मागच्या बाकावर मनुबाई आडवी होती, आप्पासोची आई. शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडली होती. आज सकाळीच मिरजेच्या दवाखान्यातनं तिला सोडलं होतं, मांडीपर्यंत प्लास्टर घालून. पडल्या पडल्या तिचं लक्ष सगळीकडं होतं.

"जुनी टायरं टाकू नगंस रं आप्पा. शेळ्यास्नी पाण्याला हुतील."

दोन जुनी टायरं टपावर बांधली. दोन आत घेतली. त्यातल्या एकावर मनुबाईचा प्लास्टरचा पाय टेकवला.

"आन् उटी घितली का गं? देवाला चंदनाची उटी, आपल्या गाडीला बाभळीची," मनुबाई म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर खुदकन हसली.

अंजना हसली नाही.

चौथा

सपाट रस्त्याला जीप तरंगत निघाली. तासगाव गेलं, विटा गेलं. काटा चाळीसवर होता, पण बाभळी मागं पळत होत्या त्या चाळीसच्या वेगानं नव्हेत. अंजनाला आकडे कळत नसले तरी बाभळींचा वेग कळत होता.

"लय जोरात चाललाय तुमी."

"काटा बघ की. चाळीस."

"काटा खोटं बोलतोय."

"काटा खोटं बोलतोय, टायरवाला खोटं बोलतोय, एकटी तूच खरी!"

म्हसवडात पोचल्यावर आप्पासोनं किलोमीटरचा आकडा बघितला आणि मांडीवर थाप मारली. "दरखेपंला एकशे दहा भरतं. आज शंभरच! रस्ता दहानं कमी झाला बघ, आई."

"चाकं मोठी, म्हणून रस्ता बारका," मनुबाई म्हणाली.

म्हणजे काट्याला आता काहीच खरं कळत नव्हतं. अंजनानं उटी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

तिसरा

गाव मागं पडलं तशी मेंढरं आडवी आली. आप्पासोनं ब्रेक दाबला. जीप थांबली, पण थांबायच्या जागी नाही. तिथनं पुढं दोन ढांगा जाऊन, शेवटच्या मेंढीच्या शेपटापाशी. मेंढक्यानं काठी आपटली.

"चाकं हत्तीची आन् ब्रेक उंदराचा! डोळं फुटलं का गड्या?"

एरवी आप्पासोनं चार शब्द सुनावले असते. आज त्यानं नुसता गियर टाकला. त्याच्या कानामागनं घामाची एक धार निघाली आणि कॉलरमध्ये गेली. ती बघितली आणि अंजनानं मांडीवरची उटी आणखी गच्च आवळली. कारण आतापर्यंत ती एकटीच भीत होती.

"आवं, आत्तींना हितंच गावात ठिवू या. दिग्विजय भावजींच्या घरी. वस्तीवरनं चार माणसं बोलवू, बाजंवरनं नेऊ."

"आईला बाजंवरनं? जितीजागती हाय ती!" आप्पासोनं दांडा मागं ओढला आणि

दुसरा

वाट सुरू झाली. नवी चाकं दगडांवरनं अशी गेली की दगड नव्हतेच. पोटाला एकही लागला नाही. आप्पासोचा आवाज परत आला. "बघ! बघ की! उगंच जीव खाल्लास माझा."

खरंच, वाट मऊ झाली होती. पण इंजिन बोलत होतं. म्हाताऱ्या माणसानं जिना चढताना मधेच बोलायचं सोडावं, तसं ते अधूनमधून गप्प होत होतं. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला ओघळ. खाली, लय खाली, कुणाची तरी विहीर दुपारच्या उन्हात चमकत होती. मनुबाई मागं देवाचं नाव घेत होती. दर हिसक्याला नाव अर्धंच राहायचं. सिद्ध... नाथा, सिद्ध...

पहिला

म्हसोबाचं वळण. जीप वळली. जीप चढली. जीप

धडधड

धड

बंद

इंजिन मेलं की डोंगरात किती शांतता असते, ते अंजनाला पहिल्यांदाच कळलं.

"उटी!" आप्पासो ओरडला. तो ब्रेकवर जवळजवळ उभाच होता.

तिनं उडी टाकली. वाकली. उटी चाकाला भिडवली, पायानं ठोकली. चाक डोळ्यापुढं केवढं तरी होतं, उटी त्याच्या बुडाशी कुठंतरी. बारकी पडतीया, असं तिला दिसलं. दिसलं, कळलं, तोंडात आलंसुद्धा. पण अकरा वर्षांच्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. हात वर गेला आणि पत्र्यावर

थाप. थाप.

आप्पासोनं पाय उचलला.

चाक उटीवर चढलं. थांबलं नाही, चढलं. पायरीवर चढावं तसं चढलं आणि पलीकडं उतरलं.

मागं

"आवं! आवं! ब्रेक!"

मुरूम खरडला. अंजना बाजूला पडली. तिच्या तोंडापासनं हातभर अंतरावरनं ते काळं चाक खाली गेलं आणि ओघळाच्या काठापासून दोन हातांवर थांबलं. थांबलं, मग बोटभर सरकलं. मग परत बोटभर.

"पेडल खाली चाललंय!" आप्पासोचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता असा, पोरासारखा. "गियरमधी टाकलीया, तरी धरंना! आईला काढ! आईला काढ, अंजने!"

प्लास्टरच्या पायासकट मनुबाईला एकटीनं बाहेर काढायचं तर गाडी हलणार. आसपासचे दगड मुठीएवढे. अंजना मागं धावली, ताडपत्री वर केली. आत मनुबाईचे दोन डोळे आणि टायरावर टेकवलेला तो पांढरा पाय.

टायर.

"आत्ती, पाय उचला."

"माझ्यानं उचलतोय व्हय गं?"

अंजनानं तो पाय स्वतःच्या हातानं उचलला आणि खालचं टायर हिसडलं. मनुबाई अशी किंचाळली की पुढं आप्पासोही ओरडला. टायर बाहेर आलं. तिनं ते मागच्या चाकाखाली आडवं टाकलं आणि चाकाला भिडवून लाथेनं सारलं. आता टायरच घसरलं तर? ती रांगत जीपच्या पुढं गेली. चाकानं मुरमात रुतवलेली उटी तिनं नखांनी उकरून काढली आणि टायराच्या पलीकडच्या अंगाला, ओघळाच्या बाजूला, दगडानं ठोकून बसवली. हे सगळं करताना तिची पाठ काठाकडं होती आणि टाचेखाली मुरूम सुटत होता.

"घातली का?"

तिनं उटीवर आणखी एकदा दगड मारला.

"अंजने, पायात गोळा आलाय माझ्या. थाप मार."

तिनं हात उचलला. हवेत धरून ठेवला. मघाशी याच हातानं खोटी थाप मारली होती. ती चाकाकडं बघत राहिली, टायराकडं, उटीकडं, मग ताडपत्रीतनं दिसणाऱ्या म्हातारीच्या बोटांकडं. बाकाची कड धरून ती बोटं पांढरी झाली होती.

थाप.

एकच. आप्पासो थांबला. एकीवर तो कधीच पाय सोडत नसे.

"दुसरी?"

"आत्ती, गच्च धरा," अंजना म्हणाली.

थाप.

जीप मागं आली. चाक जुन्या टायराच्या कडेवर चढलं आणि टायराच्या पोकळीत धपकन बसलं. उटी करकरली. सगळी गाडी एकदा डोलली, दोनदा डोलली.

मग डोलली नाही.

न्यूट्रल

वस्तीवरनं ओरडा ऐकून माणसं धावत आली. मनुबाईला बाजेवर घेतलं. "जितीजागती हाय मी, हळू धरा," ती त्यांच्यावर खेकसली आणि चार जणांच्या खांद्यावरनं वर गेली. वळणावरनं तिचा आवाज आला, "आप्पा, शेळ्यास्नी आता ही नवी टायरं कापून दे! जुनी घाल गाडीला!"

आप्पासो लंगडत मागं आला. चाकाकडं बघितलं, काठाकडं बघितलं. सवयीनं त्यानं वीत पसरून नव्या चाकाची उंची मोजायला घेतली. मनातल्या मनात नवी उटी तासत असावा.

"मोजू नगा," अंजना म्हणाली. "आत्ती म्हनल्या तसं करा."

त्यानं वीत मिटली. "व्हय. करतो. जुनीच घालतो." मग हळूच म्हणाला, "हात काढ तेवढा."

"कुठला?"

तिचा हात अजून मागच्या पत्र्यावरच होता आणि थरथरत होता. टक टक. टक टक. ब्रेकवर कुणी नव्हतं, तरी दोघंही एकदम त्या चाकाकडं बघायला लागली.