उंबरठ्यावरचं दुपटं

टर्रर्र...

दुपारची वेळ होती. घर अगदी गप्प होतं. त्या शांततेत कापड फाटल्याचा तेवढा एक आवाज झाला. मित्रांनो, ते कापड म्हणजे मी.

मी एक जुनं पायपुसणं आहे. वरठीजवळच्या एका गावात, दोन खोल्यांच्या एका घराच्या उंबरठ्याशी माझी जागा आहे. पण मी जन्माला आले ते पाय पुसायला नव्हे. मी एका बाळाचं दुपटं होते.

त्या घरात काहीच वाया जात नसे. घरातली म्हातारी, पार्वताबाई, चिंधीतून वस्तू उभी करणारी बाई. लग्नपत्रिका जोडून ती पंखे करायची. फुटक्या बांगड्या दिव्यावर वाकवून, एकीत एक अडकवून तिने दाराला तोरण केलं होतं. उरलेली प्रत्येक चिंधी खाटेखालच्या गाठोड्यात जायची. शेजारची चंद्रभागाबाई तिला चिडवायची, "तुह्या घरचा उंदीर उपाशी मरते बाई. कुरतडाले चिंधीच नाही ठेवत तू त्याले!"

पार्वताबाई हसायची आणि सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. दोरा नात ओवायची. बाकीचं काम म्हातारीची बोटं करायची.

सून रत्नमाला दुसऱ्यांदा आई होणार होती, तेव्हा मला शिवायला घेतलं. तान्ह्या बाळाला नवं कापड लावायचं नाही, ते बोचतं. म्हाताऱ्या माणसाने अंगावर झिजवलेलं मऊसूत कापड हवं, अशी तिकडची रीत. म्हणून पार्वताबाईने स्वतःचं हिरवं लुगडं फाडलं. आत तिच्या मरण पावलेल्या नवऱ्याचं, डोमाचं, धोतर घातलं. राहिला एक कोपरा. त्यासाठी तिने नातीचा, खुशबूचा, पिवळा फ्रॉक काढला.

"हा नको आजी! याच्यावर बदकं हायेत!"

"तुले होते का तो आता? काखेत फाटला. बाबू आला का त्याले पांघरू."

खुशबूने बराच वेळ विचार केला. "मंग बदकं वरच्या बाजूनं लावजो. त्याले दिसले पाहिजे."

अशी मी तयार झाले. आजी-आजोबांचं अंग लागलेली, नातीची बदकं मिरवणारी. बाळ आलं, आणि मला काम मिळालं. बायका बघायला येत, मला हाताने चाचपत आणि म्हणत, "बाजारातलं मखमली दुपटं काय करता याच्यापुढं!" खरं सांगते, तेव्हा मला गर्व झाला होता. बाबूच्या अंगाला दुधाचा आणि तेलाचा वास यायचा. तो मला लागला, आणि कितीही धुतलं तरी गेला नाही. पावडरच्या रिकाम्या डब्यात धानाचे दाणे भरून आजीने खुळखुळा केला होता. खुशबू तो वाजवायची, बाबू बदकांकडे बघत हसायचा.

थंडीत त्याला ताप आला. आधी वाटलं, निघून जाईल. मग त्याचा श्वास वाजू लागला. बाप विनोद कारखान्यातून आला तसा त्याला घेऊन दवाखान्यात धावला. मोटारसायकलवर मागे रत्नमाला, तिच्या छातीशी मी, माझ्या आत बाबू. जाताना मी गरम होते. येताना गार होते.

त्याच्यासोबत मातीत दुसरं पांढरं कापड गेलं, म्हणून मी उरले.

मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, गेलेल्या लेकराचे कपडे घरात ठेवू नका, नदीत सोडून द्या. विनोद म्हणाला, "आपण असं काही मानत नाही." पण थोड्या वेळाने तोच बायकोला म्हणाला, "ठेवून तरी का करशीन? पाहशीन अन् रडत बसशीन." टोपडी, झबली, खुळखुळा, सगळं एका फडक्यात बांधलं गेलं आणि तो ते वैनगंगेत सोडून आला.

त्या फडक्यात मी नव्हते. रत्नमालाने मला लपवलं होतं.

कुठे लपवणार? घरात एकच कपाट, त्याची किल्ली सासूच्या कमरेला. दोन खोल्यांच्या घरात बाईला स्वतःचा कोपरा नसतो. तिने मला खाटेखालच्या चिंध्यांच्या गाठोड्यात, अगदी तळाशी घातलं. चिंध्यांत चिंधी कोण शोधणार, असं तिला वाटलं.

दुपारी म्हातारीचा डोळा लागला की रत्नमाला मला बाहेर काढायची, तोंडावर घ्यायची, हुंगायची आणि पुन्हा ठेवायची. रडायची नाही. बोलायचीही नाही. खुशबू शाळेतून येऊन "आई, आज बाईनं गाणं शिकवलं" म्हणे, तर रत्नमाला तिच्याकडे बघे, पण तिला बघत नसे. खुशबूच्या वेण्या आता आजी घालायची. आजीला नीट दिसत नसे, त्यामुळे लेकीचा भांग रोज वाकडा पडायचा. तो वाकडा भांग आईला दिसत नव्हता.

पाऊस लागला. रोवणीला बाया हव्या होत्या, म्हणून रत्नमाला दिवसभर बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, धान लावायला जाऊ लागली. घरात चिखलाचे पाय येऊ लागले. सारवलेली जमीन खराब होते म्हणून पार्वताबाईने नियम केला, पाय पुसल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. आणि पायपुसणं करायला तिने गाठोडं ओढलं.

तिची बोटं तळापर्यंत आली. मला चाचपून थांबली. मला वाटलं, ओळखलं. खरंच ओळखलं होतं तिने. "माह्यंच लुगडं होय," ती स्वतःशी पुटपुटली. "उरलं असन." धुऊन धुऊन माझे टाके विरले होते, आणि पिवळा कोपरा आत दुमडून गेला होता, तो तिच्या बोटांना लागला नाही.

टर्रर्र...

माझ्या पट्ट्या झाल्या. पट्ट्यांची वेणी झाली. वेणी गोल गोल फिरवून टाचली गेली, आणि संध्याकाळी मी उंबरठ्याशी पडले. पहिले पाय माझ्यावर कोणाचे आले असतील? रत्नमालाचे. गुडघ्यापर्यंत चिखल, भेगांत पाणी. मी तिला ओळखलं. तिने मला ओळखलं नाही. तिने पाय पुसले, रोज पुसले.

मग एक दिवस पाऊस असा लागला की रोवणी बंद राहिली. दुपारी तिने गाठोडं सोडलं. एकेक चिंधी बाहेर काढली, झटकली. तळ आला.

"मामी," तिने सासूला विचारलं. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज घरात मोठा झाला होता. "याच्यात एक हिरवं होतं. ते कुठं गेलं?"

"ते लुगड्याचं? लय मऊ होतं बाई. त्याचंच तं पायपुसणं केलं."

रत्नमाला दाराशी आली. खाली बसली. मला उचललं, उलटं केलं, आणि मागच्या बाजूला, जिथे चिखल पोचला नव्हता, तिथे तिला अर्धं पिवळं बदक दिसलं.

ती नखांनी टाके उसवू लागली. एक पट्टी सुटली, ती बोटभर रुंद होती. तिच्यात काहीच नव्हतं. वासही नव्हता.

"काय करून राहिली?" म्हातारी चाचपत जवळ आली. तिच्या हाताला पिवळ्या फ्रॉकचं कापड लागलं. ते लुगड्यापेक्षा खरखरीत होतं. तिचा हात तिथेच थांबला.

"रत्नमाला... हे त्याचं होय का वं?"

रत्नमालाने मान हलवली. ती म्हातारीला दिसली नाही, पण कळली.

"मले सांगाचं होतं न, बाई. माह्यं होतं म्हणून फाडलं. दुसऱ्याचं असतं तं मी इचारलं असतं." तिने खुरडत भिंत गाठली आणि पदर तोंडात कोंबला.

मित्रांनो, जुन्याचं नवं जरूर करा. त्यात लाज नाही, माया आहे. पण कात्री लावण्याआधी घरात एकदा विचारा, हे कोणाचं. आणि ज्याला एखादी वस्तू जपायची आहे, त्याने ती लपवू नये, सांगून ठेवावी. त्या घरात दोघींचाही जीव त्या बाळात होता. दोघी एका खोलीत झोपत होत्या, आणि एकीने दुसरीला सांगितलं नाही.

एवढ्यात शाळा सुटली. खुशबू पावसातून पळत आली आणि नियमाप्रमाणे उंबरठ्याबाहेर थांबली. पाय घोट्यापर्यंत चिखलाचे, दप्तर डोक्यावर, भांग वाकडा. तिने खाली बघितलं. मी जागेवर नव्हते.

"आई, पायपुसणं दे ना."

रत्नमालाने मला आणखी घट्ट धरलं. "याच्यावर पाय नको ठेवू."

"काहून?"

खुशबूने भिंतीशी बसलेल्या आजीकडे बघितलं, मग आईच्या मांडीवर. सुटलेल्या पिवळ्या पट्टीवर तिची नजर गेली, आणि आत यायला उचललेला पाय तिने हळूच मागे, पावसात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "मंग मी घरात कशी येऊ?"