केरबाच्या लेथचा ब्रेक

"हात काढ तिथनं!" पुंजाराम इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या लेथवरचा माणूसही दचकला.

केरबानं ब्रेकचं पेडल दाबलं होतं, पण लोखंड धरून फिरवणारा लेथचा चक गरगरतच होता, आणि तो थांबवायला हा गडी त्यावर सरळ तळहात टेकवत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चकात बाही अडकली की माणसाचा हात खांद्यापासून जातो, हे केरबाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ब्रेक दुरुस्त करून घ्यायचा तर पुंजारामला हाक मारावी लागली असती. कारखान्याचा शिरस्ताच तसा होता. चालवणाऱ्यानं बोलावल्याशिवाय मेंटेनन्सच्या फिटरनं मशीनला हात लावायचा नाही. आणि केरबा काही केल्या बोलावत नव्हता.

दोघं गंगापूरकडच्या एकाच गावचे. चिकलठाण्याच्या या कारखान्यात बरोबरच लागले, एका फडक्यातली भाकरी खाल्ली. केरबा धनगराचा, पुंजाराम बौद्धवाड्यातला. खाताना ते कधी आड आलं नाही. मग विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगावच्या बौद्धवस्त्या पेटल्या. पुंजारामची आई भामाबाई जळत्या घरातून निघाली ती थेट केरबाच्या दारात गेली. केरबा तेव्हा रजा काढून गावीच होता, हे पुंजारामला माहीत होतं. कडी निघाली नाही. तेव्हापासून दोघांनीही मिठाची गुळणी धरली होती.

आज मात्र पुंजारामला बघवेना. राग कितीही असला तरी समोरच्याचा हात तुटावा असं कुणाला वाटतं? खरं सांगायचं तर त्याला एकदा तसंही वाटून गेलं होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. हाकेची वाट न बघता त्यानं मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातला आणि झाकण उघडलं. एक पट्टा तुटून खाली पडला होता, बाकीचे ढिले. घासून चक थांबवणारं ब्रेकचं लायनर झिजून तेलानं माखलेलं.

"तुटलेला तेवढा बदल," फोरमन मोतीराम लांबूनच म्हणाला. "माल जायाचाय."

"जुन्यात एकच नवा घातला की समदा भार त्याच्यावर येतो, साहेब. संगंच बदलावे लागतेत."

मोतीराम कुरकुरत निघून गेला. पुंजारामनं लायनर बदललं. नवे पट्टे पुलीच्या खाचांत बसवताना चक हातानं फिरवायला दुसरा माणूस लागतो, आणि बसवणाऱ्याची बोटं पट्ट्याखाली असतात. केरबा न सांगताच पुढं झाला.

"हळू," पुंजाराम म्हणाला.

"व्हय." चक थोडा फिरला. मग केरबानं खाली बघूनच विचारलं, "माय कशी हाय?"

"का?"

"मी आतच व्हतो, पुंजा. लई भ्यालो. म्हटलं, माझंबी घर पेटवतेत. एक डाव शहागंजात यावं अन् तिच्या पाया पडावं, असं रोज वाटतं."

भामाबाई शहागंजात बहिणीकडे राहते, एवढंच केरबाला ठाऊक होतं. पुंजारामनं कारखान्यात कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

"पोळ्याच्या आधीच गेली ती," तो म्हणाला. "भाजलेलं चिघळलं."

केरबाचा हात चकावरच राहिला. त्यानं विचारलं, "माझं नाव... काढलं व्हतं का?"

पुंजारामनं शेवटचा पट्टा खाचेत दाबला.

"मरेपर्यंत म्हणत व्हती, केरबा घरात नसंल. असता तर त्यानं दार उघडलं असतं." तो पाना शोधू लागला. "मीबी मग तिला काय सांगितलं नाय."

त्यानं पट्टे ताणून घेतले, झाकण लावलं, फ्यूज बसवला.

"चालव."

लेथ सुरू झाला. केरबानं पेडल दाबलं तसा चक जागच्या जागी थांबला. पुंजारामनं पाने गोळा केले आणि तो पुढच्या मशीनकडे गेला. मोतीराम मालासाठी ओरडत राहिला, पण केरबाचा पाय काही पेडलवरून उठेना.