पोचलं म्हणजे केव्हा?

ही गोष्ट २०१२ सालची. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते आणि उड्डाण नियंत्रण केंद्रात गणितं करायचे. तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती: तीन टेबलं, एक खिडकी आणि भिंतभर फळा. यान निघाल्यापासून किती वेळात अवकाशस्थानकाला गाठेल, एवढंच आम्हाला सांगायचं असे.

स्थानक डोक्यावर चारशे किलोमीटरवरून फिरतं, दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी. आमचे हे लांब पल्ल्याची बस चालवायचे. हा आकडा कळल्यापासून त्यांना मला चिडवायला विषयच मिळाला होता. "चारशे किलोमीटर? माझी बस सात तासांत जाते, तेही चहाला थांबून. तुमचं यान दोन दिवस करतं काय?"

मी सांगायचे, "अहो, स्थानक एका जागी उभं असतं का? ते पळत असतं. यान खालच्या, लहान वाटेनं फिरत फिरत त्याला गाठतं. चौतीस फेऱ्या होतात."

"म्हणजे पार्किंगला जागा शोधत फिरता म्हणा की!"

आदल्या वर्षी आम्ही त्या चौतीस फेऱ्या चारवर आणल्या. दोन दिवसांचे सहा तास झाले. अशी दोन यानं पाणी आणि खाणं घेऊन सुखरूप गेली, आणि माझ्या नणंदेच्या जिवात जीव आला.

नणंदेला घरात सगळे चिमी म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जायची, तिच्या वेण्या मीच घालायचे. पुढे ती जीवशास्त्रज्ञ झाली आणि काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी वाढवू लागली. वजनच नसलेल्या जागी त्या कशा वाढतात, ते तिला पाहायचं होतं. दोनदा तिनं पेशी वर पाठवल्या आणि दोन्ही वेळा त्या वाटेतच मेल्या. आता ही तिसरी खेप. ह्या वेळी जमलं नाही तर नऊ वर्षांचं काम गुंडाळायचं, असं तिच्या संस्थेनं लेखी कळवलं होतं.

उड्डाण शनिवारी होतं. बुधवारी सकाळी चिमी आमच्याकडे नाश्त्याला आली.

"वहिनी, सहा तास म्हणजे सहाच ना?"

"पाच तास छप्पन्न मिनिटं. चार मिनिटं तुला बक्षीस."

"मग काळजी नाही. उड्डाणापर्यंत पेशींचा डबा जमिनीवरच्या विजेवर असतो, पुढे पेशी उबदार ठेवायला आठ तासांची बॅटरी. दोन तास हाताशी राहतात."

हे पावाला लोणी लावत होते. मान वर न करता म्हणाले, "पण तुमच्याकडे पोचलं असं केव्हा लिहितात?"

"केव्हा म्हणजे? पोचल्यावर!"

"तसं नव्हे. आमच्या डेपोत चाकं थांबली की पोचली लिहितात. मग दार उघडतं, मग आजीबाई उतरतात, मग टपावरचं सामान. घ्यायला आलेला माणूस माझ्याशी भांडतो, की पाटीवर दहाला पोचली आणि आमची आत्या कुठाय?"

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

आमचे सहा तास म्हणजे यान स्थानकाला चिकटेपर्यंतचे. मग जोडातून हवा गळत नाही ना, हे तपासायला अडीच तास लागत, आणि त्यानंतर दार उघडे. केंद्रातल्या झाडूवाल्यालाही हे ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलून दाखवत नसे. चिमीनं मला विचारलं होतं, कधी पोचेल? मी सांगितलं होतं, सहा तासांत. मी लोखंडाला लोखंड भिडल्याचं सांगत होते आणि ती डबा हातात पडल्याचं ऐकत होती.

"साडेआठ तास," चिमी म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "वहिनी, अर्ध्या तासासाठी मरणार त्या."

"मोठी बॅटरी?"

"तिच्या चाचण्यांना चार महिने लागतील."

मी तशीच चपला घालून निघाले आणि तिलाही ओढत नेलं.

गळती तपासणाऱ्या विभागाच्या प्रमुखांना आम्ही दारवाले म्हणायचो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, तुम्ही आणा सहाचे पाच, पाचाचे चार. माझे अडीच तास हलणार नाहीत. पलीकडे माणसं आहेत."

त्यांचं बरोबर होतं. म्हणजे वेळ कापायचा तो मलाच.

खोलीत येऊन मी फळा पुसला. दोन फेऱ्यांत पोचायचं गणित मी अधूनमधून हौस म्हणून मांडत असे. त्यासाठी उड्डाणाच्या क्षणी स्थानक यानाच्या जरासंच पुढे हवं. शनिवारी ते फार पुढे असणार होतं. रविवार, सोमवार, नाही. मंगळवारचे आकडे मांडता मांडता माझा खडू मोडला. स्थानकाला आठ सेकंद हलका धक्का दिला, तर मंगळवारी ते नेमकं हवं तिथे येत होतं! तीनदा पडताळलं. तिन्ही वेळा तीन तास चार मिनिटं.

"चिमे, तीन तास!" मी ओरडले. शेजारच्या खोलीतले लोक दारात आले.

मोठे साहेब केंद्राचे प्रमुख. त्यांनी कागद दोनदा वाचला. "दोन फेऱ्या आपण कधी केल्यात?"

"गेल्या वर्षापर्यंत चार तरी कुठे केल्या होत्या?"

"आणि चुकलं तर?"

"यान जुन्या वाटेनं दोन दिवसांनी जाईल. त्याला धोका नाही. पेशी मात्र जातील."

साहेब चिमीकडे वळले. "डबा तुमचा आहे. तुम्ही सांगा."

"शनिवारी नक्की मरतात साहेब, मंगळवारी कदाचित जगतात. ह्यात विचारायचं काय?"

साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी यान उडालं. एरवी आम्ही निवांत मोजमाप करून सूचना पाठवायचो. आता वेळच नव्हता, सगळ्या सूचना आधीच भरून दिल्या होत्या. ठरल्या जागेपासून यान पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त भरकटलेलं निघालं, तर खेळ खलास. चिमीनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

पडद्यावर आकडा आला. सहा!

सगळी खोली उठून उभी राहिली. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली, मोठ्या साहेबांच्या कानाशी.

बारा सोळाला यान चिकटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. चिमी हात बांधून उभी. "अजून पोचलं नाही," ती म्हणाली.

दारवाले खुर्चीत सरसावून बसले. हवेच्या दाबाचा काटा ते अडीच तास पाहत राहिले, चहासुद्धा काट्याकडे बघत प्यायले. पावणेतीनला म्हणाले, "उघडा."

स्थानकावरच्या डॉक्टरबाईंनी डबा उचलला, विजेला जोडला आणि पहिली बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"हलतायत," वरून आवाज आला. मग जवळजवळ ओरडूनच, "अहो, धडधडतायत! सगळ्या एका तालात!"

चिमी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली. दारवाल्यांनी खिशातला रुमाल काढला आणि तिला न देता स्वतःचेच डोळे पुसले.

त्या पेशी एकतीस दिवस जगल्या. संस्थेनं काम बंद करायची भाषा पुन्हा काढली नाही. आज चिमीच्या हाताखाली चौदाजण आहेत आणि ती त्यांना सळो की पळो करून सोडते. दारवाले त्याच वर्षी निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले. त्यांचे अडीच तास अजून कुणी कमी केलेले नाहीत. मोठे साहेब तीन वर्षांपूर्वी वारले. निवृत्तीआधी त्यांनी केंद्रातले सगळे तक्ते बदलले होते: जोडलं कधी आणि दार उघडलं कधी, असे दोन रकाने. ह्यांनी गुडघ्यांमुळे बस सोडली. अवकाशखात्याची चूक नाश्त्याच्या टेबलावर आपण पकडली, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि ते खरंच असल्यामुळे मला गप्प बसावं लागतं. मी आणखी एक वर्ष काम केलं. त्या वर्षात तीन यानं दोन फेऱ्यांत वर नेली. तिन्हींत चिमीचे डबे होते.