खाल्लं मरळीनं, नाव ड्रमाचं

मित्रांनो, आधी मला रागावून घेऊ द्या, ओळख नंतर सांगतो. चार पावसाळे ज्यानं एका घराला पाणी पुरवलं, त्याला लाथ मारून गोठ्यामागे उलटा पाडला. म्हणे, यानंच ताप आणला. मी आणला?

मी डांबराचा जुना ड्रम. मुलचेऱ्याकडच्या रस्त्याचं काम संपलं तेव्हा मनसारामनं मला घरी लोळवत आणलं. झाकण कापलं, आत भाताचं तणस पेटवून उरलंसुरलं डांबर जाळून काढलं. त्या आगीत मी हूं की चूं केलं नाही. मग कवेलूच्या छपराच्या वळचणीखाली, बांबूच्या पन्हाळीशी मला उभं केलं. हातपंप गावाच्या पार त्या टोकाला, त्यामुळे पावसाळाभर भांडी, धुणं, अंघोळी सगळं माझ्यावर. "आमचा ड्रम म्हंजे घरातली दुसरी बाई हाये," असं मनसारामची बायको गोकुळा शेजारणींना सांगायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मनसाराम तलावावर मासे धरतो. वर आलेला बुडबुडा पाहून खाली कोणता मासा आहे ते सांगतो. आणि चूक केली ती त्यानंच, तीही माशांच्याच बाबतीत.

दोन हजार चार सालच्या श्रावणात दवाखान्यातली रीनाबाई घरोघर फिरत होती. तिनं माझ्यात डोकावून पाहिलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पिशवीतून दहा-बारा गप्पी मासे माझ्यात सोडले.

"मनसारामभाऊ, हे अळ्या खातेत. यायले सांभाळा, अन् ड्रमले फडकं बांधून ठेवा. हे डास दिवसा चावतेत."

मनसाराम हसला. "एवढुशे मासे? भाजीले बी पुरत नाई, बाई."

पण त्या एवढुशांनी आठ दिवसांत माझं पाणी साफ केलं. गोकुळानं तोंडावर जुनं लुगडं बांधलं. मी निर्धास्त झालो.

मग एका बुधवारी मनसारामला तलावात तीन मरळी सापडल्या. बाजार शुक्रवारी, आणि मेलेली मरळ कोणी घेत नाही. तिला जिवंतच न्यावं लागतं. म्हणून त्यानं फडकं सोडलं आणि तिन्ही मरळी माझ्यात टाकल्या. मरळ लहान मासे कशी फस्त करते, हे ज्याला शेंबडा पोरगा असल्यापासून ठाऊक, त्याला ते माझ्या काठाशी आठवलं नाही! संध्याकाळपर्यंत एकही गप्पी उरला नाही. शुक्रवारी मरळी त्याच फडक्यात गुंडाळून बाजारात गेल्या. मी उघडाच राहिलो आणि पुन्हा आत कोणी डोकावलं नाही.

पंधरा दिवसांत अळ्या झाल्या, अळ्यांचे डास झाले. मनसारामची नऊ वर्षांची भाग्यश्री रोज माझ्या सावलीत बसून पाढे लिहायची. डास तिच्या पोटऱ्यांवर बसायचे आणि मी नुसता बघत राहायचो. मला तोंड आहे, पण ओरडता येत नाही. तिला ताप भरला. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. बाजेवर घालून तिला जीपपर्यंत नेलं, तेव्हा गोकुळाच्या पायात चप्पल नव्हती.

आठ दिवस घराला कुलूप होतं. पोर वाचते की नाही, हे मला कोण सांगणार? शेवटी ते तिला घेऊन परतले. डॉक्टरनं डेंगू सांगितला होता, साठलेल्या पाण्यातल्या डासांचा. मनसारामनं तडक येऊन मला लाथ घातली. "या ड्रमानं माह्या पोरीले खाल्लं असतं!"

तर असा मी उलटा पडलो. पण मित्रांनो, उलट्या ड्रमाच्या बुडालाही कडा असते. त्या कडेत दोन बोटं पाणी साचलं आणि थोड्या दिवसांत त्यातही अळ्या झाल्या. बाजूलाच भाग्यश्री उन्हात बाजेवर पडलेली. मी संतापानं तापलो, पण करणार काय?

तिनंच पाहिलं. "बाबा, इथी बी वळवळून राह्यलेत."

मनसाराम आला, वाकून बघू लागला. तिनं विचारलं, "तुमी मरळ टाकली, तवा ते गप्पी कुठी गेले?"

त्यानं बोटानं ते पाणी ढवळलं. मग म्हणाला, "मरळीनं खाल्ले असन." आणि खाली बसला. "मले माहीत होतं ना व. मले माहीत होतं."

त्यानं मला कलंडवून ते पाणी कोरड्या मातीत ओतलं. राखेनं आतून घासलं, पुन्हा वळचणीखाली उभं केलं. आता फडकं जाळ्याच्या दोरीनं घट्ट बांधलेलं असतं, गप्पी नवे आहेत, आणि मरळी बाजाराच्या दिवसापर्यंत तलावातच टोपलीत राहतात.

माझी माफी कोणी मागितली नाही. ड्रमाची कोण मागतं? मित्रांनो, पाणी धरून ठेवणं माझं काम, ते मी चोख करतो. मला झाकायला, घासायला, आत डोकावायला हात लागतात, ते तुम्हाला आहेत. भाग्यश्री रोज सकाळी फडकं उचलून आत बघते. हातपंपापर्यंत जाताना मात्र ती अजून मध्ये दोनदा दमून खाली बसते.